एकच योजना, वेगवेगळी सालं: फायदा मोजायचा तर तुलना कुणाशी करायची?

माझ्याकडं एक एक्सेल फाईल आहे. आमच्या भागातल्या गावांच्या विहिरींमधे मे महिन्यात किती पाणी होतं ते त्यात आहे, पाच-सहा वर्षांचं, पोरांनी भर उन्हात टेप सोडून मोजलेलं. शेजारच्या कॉलममधे त्या गावात पाणलोटाचं काम कोणत्या साली झालं ते. कुठं पहिल्याच वर्षी, कुठं दोन वर्षांनी, कुठं झालंच नाही. दोन वर्षांपूर्वी मी ही फाईल घेऊन बसलो, नेहमीची रिग्रेशनची, म्हणजे कामाचा पाण्यावर किती परिणाम झाला ते आकड्यांवरून काढणारी, कमांड चालवली आणि उत्तर आलं जवळपास शून्य, एका तालुक्याला तर चक्क उणे. म्हणजे नाला खोल केला, बांध घातले, चर खोदले आणि त्यानं विहिरीतलं पाणी कमी झालं असं कॉम्प्युटर सांगायला लागला. त्या विहिरी मी स्वतः बघितलेल्या होत्या, काहींच्या कठड्यावर बसून डबा खाल्लेला, त्यामुळं हे उत्तर काही केल्या गळी उतरेना.

डेटा तपासला, पोरांना परत पाठवून काही विहिरी पुन्हा मोजून घेतल्या, तिथं चूक नव्हती. चूक कमांडच्या पोटात होती. ती काय आहे, आणि ती दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आता कसं मिळतं, हे मला साध्या भाषेत लिहायचंय. कारण आपल्या मराठवाड्यात जवळपास प्रत्येक योजना अशीच येते, एकदम सगळीकडं नाही, टप्प्याटप्प्यानं. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मधे जाहीर झालं तेव्हा दरवर्षी ५००० गावं असं उद्दिष्ट होतं, म्हणजे प्रत्येक वर्षी नवीन गावांची यादी. वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणलोट कामाची स्पर्धा, २०१६ ला फक्त ३ तालुक्यांत झाला, त्यात आपलं अंबाजोगाई होतं, २०१७ ला ३० तालुके झाले, २०१८ ला ७५. रोजगार हमीचा केंद्राचा कायदा घ्या, फेब्रुवारी २००६ ला देशातल्या २०० जिल्ह्यांत, २००७ ला अजून १३० आणि एप्रिल २००८ पासून उरलेल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत. अशा योजनेचा फायदा किती झाला हे मोजायचं म्हटलं की सगळे ह्याच खड्ड्यात पडतात.

आधी सोपं बघू. गावात काम झालं, आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी मोजलं, फरक काढला, झालं का? नाही झालं. २०१५ ला काय अवस्था होती ते आपल्याला सांगायची गरज नाही, एप्रिल २०१६ मधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आणि त्याच २०१६ च्या पावसाळ्यात असा पाऊस झाला की नद्या दुथडी वाहिल्या. आता २०१५ च्या शेवटी ज्या गावात बांध झाला त्या गावाचं मे २०१६ आणि मे २०१७ लावून बघा, काम एकदम यशस्वी दिसणार. पण बांध न घातलेलं गावसुद्धा तेवढंच यशस्वी दिसणार, कारण ते पाणी आभाळातून आलंय. म्हणून काम न झालेलं गाव शेजारी लावायचं, त्याचं पाणी किती वाढलं ते बघायचं, आणि आपल्या गावाच्या वाढीतून ते वजा करायचं. फरकातला फरक. एवढंच त्या पद्धतीचं मर्म आहे, इंग्रजीत तिला डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणतात, लोक डिड म्हणतात, मी पण तेच म्हणतो.

ही पद्धत नवीन नाही. लंडनमधे १८५४ ला कॉलरा आला तेव्हा जॉन स्नो ह्या डॉक्टरनं दोन पाणी कंपन्यांच्या गिऱ्हाइकांची अशीच तुलना केली होती, त्यातल्या लॅम्बेथ कंपनीनं १८५२ मधे पाणी उचलायची जागा थेम्सच्या वरच्या अंगाला, स्वच्छ भागात नेली होती आणि दुसरीनं नव्हती नेली. पुढं डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर ह्या अर्थतज्ज्ञांचा १९९४ चा संशोधनपेपर गाजला, एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान मजुरी तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केली, शेजारच्या पेनसिल्वेनियानं नाही केली, दोन्हीकडच्या बर्गरच्या दुकानांत नोकऱ्या किती राहिल्या ते बघितलं. दोन गट आणि एक तारीख, एकाला मिळालं, एकाला नाही. तिथं घोळ व्हायला जागाच नाही.

घोळ तारखा अनेक झाल्या की सुरू होतो.

तारखा अनेक असल्या तर सगळे जण वर्षानुवर्षं एकच करायचे. प्रत्येक गावाचा स्वतःचा कायमचा फरक काढून टाकायचा, म्हणजे एखादं गाव नदीकाठचं, त्याला मुळात पाणी जास्त, एखादं माळावरचं, खाली नुसता काळा पाषाण. प्रत्येक वर्षाचा सगळ्यांना सारखा फरक काढून टाकायचा, म्हणजे पाऊसमान. आणि मग काम झालं का नाही ह्या हो-नाहीच्या कॉलमचा परिणाम विचारायचा. ह्याला टू-वे फिक्स्ड इफेक्ट्स म्हणतात. ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं, मी कॉलेजात पोरांना हेच शिकवत होतो.

आता कागद-पेन घ्या, खरंच घ्या, कारण हे हातानं केल्याशिवाय पटत नाही. दोन गावं धरू, अ आणि ब, दोन्हीच्या विहिरीत २०१५ ला १० फूट पाणी. सोपं जावं म्हणून पाऊस दरवर्षी सारखाच धरू. अ गावात काम २०१६ ला झालं, ब गावात २०१८ ला. आणि कामाचा फायदा असा धरू की दरवर्षी २ फूट पाणी वाढत जातं, कारण मुरलेलं पाणी खाली साठत जातं, एका पावसाळ्यात काही सगळा फायदा दिसत नाही. मग अ गावाचं पाणी २०१५ ते २०१९ असं होईल: १०, १२, १४, १६, १८. ब गावाचं: १०, १०, १०, १२, १४. दोन्ही गावांना फायदाच झालाय, एका इंचाचाही तोटा कुठं नाही. अ ला चार वर्षांत २, ४, ६, ८ फूट, ब ला दोन वर्षांत २ आणि ४. ह्या सहा आकड्यांची सरासरी काढली तर फायदा ४.३३ फूट येतो.

हेच आकडे टू-वेच्या कमांडला द्या. उत्तर येतं ०.३३ फूट.

साडेचार फुटाच्या जवळचा फायदा आणि कमांड म्हणते चार इंच! मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तीनदा चालवलं, मग हातानं केलं, तरी तेच. असं का होतं ते बघा. कमांडला २०१८ मधे ब गावाला काम मिळालं हे दिसतं, तिला तुलनेला असं गाव पाहिजे ज्याचं ह्या काळात हो-नाही बदललेलं नाही. अ गावाचं २०१६ पासून सारखं ‘हो’च आहे, बदल नाही, म्हणून ती अ ला तुलनेचं गाव म्हणून उचलते. म्हणजे ज्या गावात दोन वर्षांपूर्वी काम होऊन पाणी अजून वाढतच चाललंय त्यालाच ‘काही न झालेलं गाव’ समजते. आता वजाबाकी करा. ब गावाचं २०१६-१७ चं सरासरी पाणी १०, २०१८-१९ चं १३, वाढ ३. अ गावाचं त्याच काळात १३ वरून १७, वाढ ४. तीनातून चार गेले, उणे एक! ब गावाला फायदा होऊनसुद्धा उत्तर उणे आलं, कारण ज्याच्याशी तुलना केली ते गाव त्याच्यापेक्षा जोरात वाढत होतं, आणि ते वाढत होतं ह्याच योजनेमुळं.

दुसरी तुलना पण त्यात असते, ती चांगली असते: अ ला २०१६ ला काम मिळालं तेव्हा ब ला अजून मिळालं नव्हतं, त्या दोघांची. त्यात अ ची वाढ १० वरून सरासरी १३, ब ची शून्य, उत्तर ३ फूट, एकदम बरोबर. पण कमांड दोन्ही तुलना एकत्र मिसळते आणि ह्या उदाहरणात चांगल्या तुलनेला एक तृतीयांश वजन देते, वाईट तुलनेला दोन तृतीयांश. ३ चा तिसरा हिस्सा १, उणे १ चे दोन हिस्से उणे ०.६७, बेरीज ०.३३. हे वजन तुम्ही ठरवलेलं नसतं, ते कुठं छापूनसुद्धा येत नाही. अ गावाला शेवटच्या दोन वर्षांत मिळालेला ६ आणि ८ फुटाचा फायदा उत्तरात वजा म्हणून शिरतो. म्हणजे योजना जितकी टिकाऊ, जितकी वाढत जाणारी, तितका हा आकडा तिला खाली ओढतो. मला ह्याचा राग येतो, खरंच सांगतो, कारण पाणलोटाचं काम म्हणजे हळूहळू वाढत जाणारीच गोष्ट, आणि नेमक्या अशाच कामावर ही पद्धत अन्याय करते.

फायदा पहिल्याच वर्षी एकदम होऊन तिथंच थांबत असेल आणि सगळ्या गावांना सारखाच होत असेल तर जुनी कमांड चालते, काही बिघडत नाही. पण असं कुठं असतं?

हा उलगडा फार जुना नाही. अँड्र्यू गुडमन-बेकन ह्यांनी जुन्या उत्तराची चिरफाड करून दाखवली की ते म्हणजे अशा दोन-दोन गटांच्या तुलनांची वजनदार सरासरी आहे, पेपर २०२१ ला छापून आला. उणे वजनाचं गणित फ्रान्सच्या द शेझमार्टँ आणि दॉल्टफय ह्या जोडीनं २०२० ला मांडलं. आणि आधीच काम झालेल्या गावाशी तुलना करण्याला ह्या क्षेत्रात आता सरळ ‘निषिद्ध तुलना’ म्हणतात. चिरफाडीसाठी बेकनडिकॉम्प नावाचं पॅकेज, म्हणजे तयार कमांडांचा संच, आहे, आर आणि स्टाटा ह्या आकडेमोडीच्या दोन्ही सॉफ्टवेअरमधे. मी सगळ्यांना सांगतो, आधी आपल्या जुन्या उत्तरावर हे चालवा, निषिद्ध तुलनेला किती वजन गेलंय ते बघा. माझ्या फाईलमधे ते इतकं निघालं की पुढं काही विचारायची सोय उरली नाही.

आता नवीन सॉफ्टवेअर. नावं बरीच आहेत पण आतला विचार एकच: तुलनेचं गाव तुम्ही ठरवा, कमांडला ठरवू देऊ नका. मी जास्त करून आर मधलं डिड नावाचंच पॅकेज वापरतो, ब्रँटली कॅलवे आणि पेड्रो सांताना ह्यांचं, आर फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. ते करतं असं की एकाच साली काम झालेल्या गावांची एक बॅच धरतं, २०१६ ची बॅच, २०१७ ची बॅच. मग प्रत्येक बॅचचा प्रत्येक वर्षाचा फायदा वेगवेगळा काढतं, म्हणजे २०१६ च्या बॅचला २०१८ मधे किती, २०१७ च्या बॅचला २०१८ मधे किती. प्रत्येक वेळेस बॅचचं कामाच्या आदल्या वर्षाचं पाणी धरायचं, आणि तुलना फक्त स्वच्छ गावांशी. स्वच्छ म्हणजे दोन प्रकार, एक तर जिथं काम कधीच झालं नाही, नाहीतर जिथं त्या वर्षापर्यंत अजून झालं नव्हतं. आधीच झालेलं गाव तुलनेला येतच नाही. शेवटी हे सगळे छोटे आकडे तुम्हाला पाहिजे तसे एकत्र करून मिळतात: कामानंतर पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं असे, किंवा बॅचवार, किंवा कॅलेंडरच्या वर्षावार. ह्यातलं पहिलं सगळ्यात उपयोगी, कारण पाणी मुरायला वेळ लागतो हे तिथं डोळ्यानं दिसतं.

आमच्या दोन गावांवर हे चालवलं तर काय होईल? अ गावाचा २०१६ चा फायदा २, २०१७ चा ४, बरोबर सापडतो. पण २०१८ नंतर? तुलनेला गावच नाही उरलं, ब गावात पण काम झालं. तिथं पॅकेज उत्तर देत नाही. ब गावाचा फायदा तर काढताच येत नाही, कारण त्याच्या मागं कुणी शिल्लकच नाही. रोजगार हमीच्या कायद्याचं असंच आहे, २००८ नंतर सगळे ग्रामीण जिल्हे त्यात आले, मग तिसऱ्या टप्प्यातल्या जिल्ह्यांची तुलना कुणाशी करणार. लोकांना हे आवडत नाही, त्यांना प्रत्येक बॅचचा आकडा पाहिजे असतो. मला उलट ह्याच कारणासाठी हे पॅकेज आवडतं, तुलना नाही तर आकडा नाही. एक तिसरं गाव क जोडा, जिथं काम झालंच नाही आणि पाणी १० फुटावरच राहिलं, की लगेच अ आणि ब दोन्हीचे सगळे आकडे सापडतात, ४.३३ पण येतं. म्हणून सर्वे करणाऱ्या पोरांना मी सांगतो, ज्या गावात काहीच झालं नाही त्या गावाच्या विहिरी मोजायचा कंटाळा करू नका, त्या मोजल्या नाहीत तर बाकीच्या मोजलेल्यांचा अर्थ लागत नाही. काम न झालेल्या गावातले लोक विचारतात, आमच्याकडं तर काही झालंच नाही, आमचं कशाला मोजायलात? त्यांना नीट समजावून सांगावं लागतं आणि ते सांगायला वेळ काढलाच पाहिजे.

दुसरे रस्ते पण आहेत. लियांग सन आणि सारा अब्राहम ह्यांची पद्धत आर च्याच फिक्सेस्ट पॅकेजमधे सनॅब नावानं मिळते, एकदम फास्ट, मोठी फाईल असेल तर हीच घ्या. बोरुस्याक, जाराव्हेल आणि श्पीस ह्यांची पद्धत वेगळ्या वाटेनं जाते आणि मला ती समजवायला सगळ्यात सोपी वाटते: काम न झालेल्या गाव-वर्षांवरूनच आधी गावाचा आणि वर्षाचा हिशोब शिकायचा, त्यावरून काम झालेल्या गावात काम झालंच नसतं तर पाणी किती असतं ते भरायचं, आणि खऱ्या पाण्यातून ते वजा करायचं. न घडलेलं साल अंदाजानं भरून काढणं, बस. स्टाटा मधे कॅलवे-सांताना पद्धतीचं सीएसडिड आहे, बोरुस्याक वगैरेंचं डिड-इम्प्युटेशन आहे, आणि २०२३ ला स्टाटा १८ आलं त्यात कंपनीनंच स्वतःची कमांड घातली, म्हणजे आता हे काही खास लोकांचं प्रकरण राहिलं नाही. पायथॉनमधे पायफिक्सेस्ट आहे. बहुतेक वेळा दोन-तीन पद्धती चालवून बघितल्या तर उत्तरं जवळजवळ येतात, नाही आली तर का नाही आली ते शोधायचं, बहुतेक वेळा तुलनेची गावं वेगळी निघालेली असतात.

एक बारीक गोष्ट, पण हिच्यात माणसं आठवडा घालवतात. कधीच काम न झालेल्या गावाच्या सालाच्या कॉलममधे काय टाकायचं? डिड आणि सीएसडिडला तिथं शून्य लागतं. डिड-इम्प्युटेशनला तिथं रिकामं पाहिजे. माझ्याकडं शिकणारी एक मुलगी आली, म्हणाली, ‘सर, आर मधे उत्तर नीट येतं अन् स्टाटा मधे काहीतरी भलतंच यायलंय.’ म्हटलं, ‘बाई, तुझी न झालेली गावं कशी लिहिलीस?’ शून्यच ठेवलं होतं. म्हणजे स्टाटाच्या त्या कमांडनं समजून घेतलं की ह्या गावात सन शून्यापासून काम झालेलंय, एवढी स्वच्छ गावं सगळी बाद. आणि डेटा सुरू व्हायच्या आधीच ज्या गावात काम झालं ती गावं डिड पॅकेज बाजूला काढतं आणि तशी सूचना देतं, ती सूचना वाचत चला, ती लाल अक्षरं बघून घाबरून खिडकी बंद करू नका.

गावाचं नाव हा आयडी म्हणून कधीच वापरू नका. पिंपळगाव, पिंपरी, वडगाव, आपल्याकडं एका तालुक्यात दोन-दोन असतात. जनगणनेचा २०११ चा गावाचा कोड घ्या. जिल्ह्याच्या नावावरून तर दोन फायली अजिबात जोडू नका, जुन्या फायलीत औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्या फायलीत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, सॉफ्टवेअरला ती चार वेगळी वाटतात आणि अर्ध्या गावांची मालिका मधेच तुटते.

आता पावसाचं. आपल्याकडं पाऊस मंडळनिहाय मोजतात, आणि एका मंडळात धो-धो अन् शेजारी कोरडं हे आपण बघतोच. म्हणजे ‘वर्षाचा पाऊस सगळ्यांना सारखा’ हे गृहीतकच डळमळीत. जुन्या सवयीनं माणूस पाऊस हा एक कॉलम म्हणून टाकतो आणि निवांत होतो. पण डिड पॅकेज असा बदलता कॉलम घेताना कामाच्या आधीच्या वर्षाची किंमत उचलतं, नंतरच्या वर्षाचा पाऊस त्यात येत नाही. हे कळायला मला फार उशीर झाला. दरवर्षीचा पाऊस हिशोबात घ्यायचा असेल तर डिड-इम्प्युटेशनमधे तशी सोय आहे, किंवा तुलना एकाच मंडळाच्या आतल्या गावांत ठेवा, मला दुसरं जास्त भरवशाचं वाटतं, गावं कमी पडली तरी.

पण सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी एक गोष्ट त्याला सिद्ध करता येत नाही. काम झालं नसतं तर ह्या गावाचं पाणी त्या गावासारखंच वर-खाली झालं असतं, हे मानावंच लागतं. समांतर चाल म्हणा. आणि आपल्याकडं गावं काही चिठ्ठ्या टाकून निवडत नाहीत. टंचाईचं गाव आधी निवडतात, ते बरोबरच आहे, पण मग ते गाव निवडलं जातं नेमकं त्याच्या सगळ्यात वाईट वर्षी, आणि वाईट वर्षानंतर थोडं बरं वर्ष येतंच, काम होवो न होवो. वॉटर कपला तर गावानं स्वतः भाग घ्यायचा होता, जिथं एकी आहे ते गाव पुढं आलं, आणि एकी असलेलं गाव तसंही पाणी जपून वापरत असेल. म्हणून कामाच्या आधीची वर्षं बघायची, तीन-चार वर्षं दोन्ही गावांची चाल बरोबर होती का. एकाच आदल्या वर्षाचा डेटा असेल तर ही तपासणी करताच येत नाही, म्हणून योजना यायच्या आधीपासून मोजत राहणं इतकं महत्त्वाचं आहे. आणि आधी चाल सारखी दिसली म्हणून लगेच खुश पण व्हायचं नाही, जोनाथन रॉथ ह्यांनी दाखवलंय की गावं थोडी असली की ही तपासणी खरा फरक असूनही पकडत नाही. रामबाचन आणि रॉथ ह्यांचं ऑनेस्टडिड नावाचं पॅकेज ह्यासाठीच आहे, ते विचारतं की आधी चालीत जितका वाकडेपणा दिसला तितकाच नंतरही असला तर तुमचं उत्तर टिकतं का, दुप्पट असला तर टिकतं का. जिथं टिकायचं बंद होतं तो आकडा सरळ रिपोर्टात लिहायचा.

अजून एक, गावाचं नाव यादीत आलं हे कळल्याबरोबर लोक बदलायला लागतात. कुणी नवीन बोअर घेतो, कुणी ऊस लावतो, कारण पाणी येणारच आहे. मग कामाच्या आदल्या वर्षाचं पाणी सुद्धा योजनेनंच हललेलं असतं. डिड पॅकेजमधे अँटिसिपेशन म्हणून एक सेटिंग आहे, तिथं १ टाकलं की ते एक वर्ष अजून मागं जाऊन सुरुवात धरतं. यादी कधी लागली ते ग्रामसेवकाला विचारा, सॉफ्टवेअरला ते माहीत नसतं.

आणि किती गावांचा डेटा आहे ह्यापेक्षा निर्णय कुठल्या पातळीवर झाला ते बघा. वॉटर कपसारखं तालुक्यावर ठरलं असेल तर उत्तर किती मागं-पुढं असू शकतं ती रेंज काढताना तालुका हा एकक धरायचा. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुल्लैनाथन ह्यांनी २००४ लाच सांगून ठेवलंय की हे केलं नाही तर काहीच परिणाम नसताना सुद्धा परिणाम दिसतो. तालुके चारच असतील तर मग खरं म्हणजे आपल्याकडं चारच गोष्टी आहेत, चारशे विहिरी नाहीत.

हे सगळं का एवढं लावून धरतो ते सांगतो. २०२० मधे कॅगचा अहवाल विधिमंडळात आला, जलयुक्तवर ९,६०० कोटींच्या वर खर्च होऊनही भूजल पातळीवर फारसा परिणाम नाही असं त्यात होतं, मग दोन्ही बाजूंनी आकडे फेकले गेले. कोण बरोबर ह्यात मला शिरायचं नाही. पण त्या सगळ्या भांडणात चौकातल्या हॉटेलापासून टीव्हीपर्यंत मला एकानंही विचारलेलं ऐकू आलं नाही की हा आकडा कोणत्या गावांच्या तुलनेत आहे. उद्या ह्याच आकड्यांवर कुठल्या तालुक्याला पैसे जायचे ते ठरणार, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बाया अजून आहेत.

माझ्या फाईलचं पुढं काय झालं? नव्या पद्धतीनं चालवल्यावर पहिल्या वर्षी जवळपास काही नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाणी स्पष्ट वाढलेलं, चौथ्या वर्षानंतर रेंज इतकी रुंद की तिथं काही बोलता येत नाही, कारण तेवढ्या काळ काम न झालेली गावं उरली थोडी. गाळ साचून फायदा कमी व्हायला लागला का, हा गावकऱ्यांचा मुख्य प्रश्न आहे आणि तो नेमका त्याच वर्षांत येतो.

सध्या मी वेगळ्याच गोष्टीत अडकलोय. वरच्या गावानं नाला अडवला की खालच्या गावाला पाणी कमी येतं, कधी मुरलेलं पाणी खाली झिरपून उलट जास्त येतं. म्हणजे खालचं ‘काम न झालेलं’ गाव सुद्धा स्वच्छ राहत नाही आणि ह्यावर कुठलंही पॅकेज आपोआप तोड काढत नाही. म्हणून आम्ही आता पाणलोटाचा नकाशा घेऊन बसलोय, एकाच नाल्यावर वर-खाली असलेली गावं पेन्सिलनं जोडायलोय. त्या जोड्यांतली खालची गावं तुलनेतून काढून परत चालवणार. सत्तेचाळीस गावं झाली जोडून, अजून पूर्णेच्या बाजूची राहिलीत.